चिकटायचं खरं, पण सुटायचं कसं?

‘जखमेला हवा लागू दे, आपोआप वाळेल,’ हे वाक्य ज्या घरात कधी ऐकू आलं नाही असं मराठी घर शोधून सापडणार नाही. गुडघा फुटला की हळद दाबायची, वर काही बांधायचं नाही, आणि खपली धरली की निश्चिंत व्हायचं. खपली म्हणजे बरं होण्याची पावती, असा आपला पिढीजात समज. १९६२ साली जॉर्ज विंटर या इंग्लंडमधल्या संशोधकाने या समजाच्या मुळावरच घाव घातला. त्याने डुकरांच्या पाठीवर उथळ जखमा केल्या, काही उघड्या ठेवल्या आणि काहींवर पॉलिथिनचा पातळ पडदा चिकटवला. पडद्याखाली ओल्या राहिलेल्या जखमांवर नवी कातडी सुमारे दुप्पट वेगाने आली. कारण साधं होतं. कडेकडून सरकत येणाऱ्या पेशींना ओल्या पृष्ठभागावरून वाट मोकळी मिळते. खपली असली की त्यांना तिच्या खालून, आणखी खोल उतरून, वाट खणत जावं लागतं. ‘नेचर’मध्ये हा निबंध छापून आला आणि जखमा ओल्या ठेवण्याचं शास्त्र तिथून सुरू झालं.

साठ वर्षं उलटून गेली, तरी आपल्या बहुतेक रुग्णालयांत भाजलेल्या माणसाच्या वाट्याला येतं ते सुती गॉज, त्यावर पांढरं मलम आणि वरून रोलर बँडेज. ते बांधलं जातं तेव्हा काही वाटत नाही. प्रश्न येतो तो दुसऱ्या दिवशी.

ड्रेसिंग बदलताना काय होतं ते नीट पाहावं. सिस्टर सलाईनची बाटली ओतत पट्टी भिजवते. वरचे थर सुटून येतात, सर्वांत आतला येत नाही. जखमेतून झिरपलेला प्रथिनयुक्त द्रव गॉजच्या भोकांत शिरून तिथेच वाळलेला असतो, आणि ज्या नव्या पेशींसाठी हा सगळा खटाटोप चाललेला असतो त्यासुद्धा त्याच भोकांत वाढू लागलेल्या असतात. मग चिमट्याने कोपरा उचलायचा, पुन्हा सलाईन, पुन्हा थोडं ओढायचं. गॉज निघालं की खाली रक्ताचे बारीक ठिपके उमटतात. प्रत्येक ठिपक्यापाशी काल आलेली कातडी आज उपटलेली असते. दुसऱ्या दर्जाच्या भाजण्यात मज्जातंतूंची टोकं जिवंत आणि उघडी असतात, म्हणून वेदनाही सर्वांत जास्त तिथेच. दोन-चार दिवसांत लहान मुलं ड्रेसिंगच्या ट्रॉलीची चाकं ओळखू लागतात आणि ती दाराशी येण्याआधीच रडायला लागतात.

तेव्हा माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडतो. भाजलेल्या जखमेवर लावायच्या पदार्थाची परीक्षा तो किती घट्ट चिकटतो यावर करू नये. तो सुटतो कसा, सुटतो कधी आणि कुणाच्या मर्जीने, यावर करावी. जेलच्या रूपातल्या, शरीरात विरघळून जाणाऱ्या डिंकांबद्दल हल्ली जे उत्साहाने लिहिलं-बोललं जातं, त्यात या परीक्षेचा पत्ता फारसा नसतो. ‘विरघळतो’ म्हटलं की सुटण्याचा प्रश्नच मिटला, असं धरून चालतात. तो मिटत नाही, आणि का मिटत नाही हे समजायला या डिंकांचं कुळ पाहावं लागेल.

यातलं सर्वांत प्रसिद्ध घराणं सायनोअॅक्रिलेटचं. अमेरिकेत ईस्टमन कोडॅक कंपनीत हॅरी कूव्हर १९४२ साली बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. हाती आलेला पदार्थ दिसेल त्याला चिकटून बसायला लागला, म्हणून त्यांनी तो वैतागून बाजूला टाकला. १९५१ मध्ये तोच पुन्हा समोर आला तेव्हा त्याचं मोल कळलं आणि १९५८ मध्ये तो बाजारात आला. व्हिएतनामच्या युद्धात जखमी सैनिकांचं रक्त थांबवायला त्याचे फवारे मारले गेले. आपल्या घरातलं फेविक्विक याच कुळातलं आहे. फक्त ते जखमेवर लावायचं नसतं, कारण ते घट्ट होताना तापतं आणि ऊतींना इजा करतं. कातडीला सोसेल असा लांब साखळीचा प्रकार अमेरिकेत १९९८ मध्ये मंजूर झाला. पोराचं कपाळ टेबलाच्या कोपऱ्यावर आपटून चिरलं तर हा ग्लू उत्तम. कडा जुळवायच्या, वरून ग्लूचा हात फिरवायचा, टाक्यांची गरज नाही. पण भाजलेल्या जखमेला जुळवायला कडाच नसतात. तिथे सबंध पृष्ठभाग गेलेला असतो. ‘जखम चिकटवणारा ग्लू’ आणि ‘भाजल्यावरचा ग्लू’ ही दोन वेगळी कामं आहेत. बातम्यांमध्ये ती सर्रास एकत्र केली जातात.

दुसरं घराणं रक्तातलंच. रक्त गोठताना फायब्रिनोजेनवर थ्रॉम्बिनची क्रिया होऊन फायब्रिनची जाळी तयार होते. ही जाळीच डिंक म्हणून वापरावी ही कल्पना जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच तिच्या साहाय्याने कातडीचे तुकडे चिकटवून पाहिले गेले होते. तेव्हाचा डिंक कच्चा होता. पुढे अनेकांच्या रक्तद्रवातून काढलेल्या फायब्रिनोजेनमधून कावीळ पसरते हे लक्षात आलं आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेने त्याचा परवाना काढून घेतला. युरोपात मात्र काम चालू राहिलं. विषाणू मारण्याच्या पद्धती सुधारल्यावर अमेरिकेने १९९८ मध्ये या ग्लूला पुन्हा दार उघडलं.

यातली २००८ ची मंजुरी मला सर्वांत बोलकी वाटते. नेहमीच्या फायब्रिन ग्लूमध्ये थ्रॉम्बिन भरपूर असतं, त्यामुळे तो काही सेकंदांत जमतो. रक्त थांबवायला ते बरं, पण भाजलेल्या जागेवर कातडीचं रोपण करायचं असेल तर त्या घाईचा उपयोग नाही. मांडीवरून काढलेली पातळ कातडी जागेवर अंथरावी लागते, सुरकुत्या काढाव्या लागतात, खालची हवा आणि रक्त बोटांनी कडेला सारावं लागतं. म्हणून थ्रॉम्बिन मुद्दाम खूप कमी करून, सुमारे मिनिटभर वेळ देणारा ‘आर्टिस’ नावाचा ग्लू भाजलेल्यांच्या रोपणासाठी मंजूर झाला. एरवी अशी कातडी जागच्या जागी ठेवायला धातूच्या स्टेपल मारतात. त्या नंतर एकेक करून उपटाव्या लागतात. मंजुरीआधीच्या चाचणीत एकाच रुग्णाच्या एका जागी स्टेपल आणि दुसऱ्या जागी ग्लू, अशी तुलना केली गेली. जखम भरण्यात ग्लू स्टेपलपेक्षा मागे पडला नाही, कातडीखाली रक्त साचण्याचं प्रमाण घटलं आणि रुग्णांनी पसंती ग्लूला दिली.

विरघळण्याचा गुण इथे खरोखर कामाला येतो. डिंक आहे कातडीच्या खाली, दोन जिवंत थरांच्या मध्ये. दोन-तीन दिवसांत खालच्या रक्तवाहिन्या वरच्या कातडीत शिरू लागतात, आणि साधारण दोन आठवड्यांत शरीर स्वतःच्या विकराने ही जाळी पचवून टाकतं. काढायला काही शिल्लकच राहत नाही. रोपणाखालचा विरघळणारा ग्लू हवाच, आणि आपल्या जिल्हा रुग्णालयांत तो मिळत नाही ही गैरसोय फारशी कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता तोच गुण जखमेच्या वर नेऊन ठेवा. चित्र पालटतं.

प्रयोगशाळेत बनणारे विरघळणारे डिंक बहुधा पॉलिएथिलीन ग्लायकॉलवर, म्हणजे पीईजीवर आधारलेले असतात. दोन द्रव दोन सिरिंजांत, नळीच्या टोकाशी एकत्र येतात आणि काही सेकंदांत लवचिक जेल तयार होतं. रेणूंची टोकं ऊतींतल्या प्रथिनांना पकडतात, म्हणून ते चिकटतं. मेंदूचं आवरण शिवल्यानंतर गळती थांबवायला ‘ड्युरासील’ नावाचा असा डिंक अमेरिकेत २००५ पासून वापरात आहे. थराची जाडी डोळ्याला कळावी म्हणून त्यात निळा रंग घातलेला असतो. डिंकाच्या साखळीत काही दुवे असे ठेवलेले असतात की पाण्याने ते हळूहळू तुटावेत. चार ते आठ आठवड्यांत जेल विरून मूत्रावाटे बाहेर पडतं. ही मुदत कारखान्यात ठरते. कवटीच्या आत ते चालतं, कारण तिथे पुन्हा उघडून पाहायचं नसतं.

भाजलेल्या जखमेचं वेळापत्रक मात्र कुणी आधी ठरवू शकत नाही. पहिल्या दिवशी उथळ वाटलेली जागा दोन-तीन दिवसांत खोल निघते, हे बर्न्सच्या प्रत्येक डॉक्टरला ठाऊक असतं. म्हणून तर तो खोलीचा निकाल लगेच देत नाही. उथळ जखम दोन-तीन आठवड्यांत भरेल, खोल असेल तर रोपणच लागेल. मधुमेह असेल, अंगावर मांस नसेल, जंतुसंसर्ग झाला असेल, तर हिशेब पुन्हा बदलतो. अशा जागेवर ठरावीक मुदतीचा डिंक लावणं म्हणजे रुग्ण कधी घरी जाईल ते माहीत नसताना परतीचं तिकीट काढून ठेवणं. शिवाय उघड्या पृष्ठभागावरचं जेल शरीर ‘पचवतं’ हेही अर्धंच खरं. शरीर पचवतं ते आत असलेलं. वर हवेला उघडं असलेलं जेल पाणी गमावून सुकतं, त्याच्या कडा उचलल्या जातात आणि आत जंतूंना आयतं घर मिळतं. खाली पू झाला तर डॉक्टरला ते त्याच क्षणी काढता आलं पाहिजे. ‘थांबा, तीन आठवड्यांनी आपोआप जाईल’ असं तिथे म्हणता येत नाही.

हे ओळखणारं काम झालेलं नाही असं नाही. बॉस्टन विद्यापीठात मार्क ग्रिनस्टाफ यांच्या गटाने २०१६ साली दुसऱ्या दर्जाच्या भाजण्यासाठी एक जेल प्रसिद्ध केलं. ते जखमेवर चिकटून राहतं, पाणी धरून ठेवतं, आणि काढायचं तेव्हा सिस्टीनपासून बनवलेल्या एका साध्या द्रावणाने भिजवलं की त्याचे गंधकाचे बंध सुटून ते विरघळतं. ओढाताण नाही, खरवडणं नाही. सुटण्याची वेळ इथे रसायनाने ठरवलेली नाही. ती ड्रेसिंग करणाऱ्याच्या हातात आहे. मला या क्षेत्रातली ही सर्वांत शहाणी कल्पना वाटते. ती प्राण्यांवरच्या चाचणीतून वॉर्डात आली पाहिजे.

याउलट बहुतांश लक्ष कुठे आहे? ताकदीकडे. १९८१ साली हर्बर्ट वेट यांनी समुद्रातले शिंपले ओल्या खडकाला ज्या प्रथिनाने चिकटतात त्याचं गुपित उलगडलं आणि ओल्यात चिकटणाऱ्या डिंकांची शर्यत सुरू झाली. २०१७ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी ‘सायन्स’मध्ये गोगलगायीच्या कुळातल्या एका प्राण्याच्या चिकट स्रावावरून सुचलेला डिंक मांडला, रक्ताने माखलेल्या ऊतीवरही तो धरतो. विज्ञान म्हणून हे थक्क करणारं आहे, आणि फाटलेल्या काळजाला किंवा यकृताला खरोखर उपयोगी पडेल. पण अशा निबंधांत डुकराच्या कातडीचे दोन तुकडे चिकटवून किती जोर लावल्यावर ते सुटले याचा आलेख हमखास असतो. दहा दिवसांनी तो काढताना नवी कातडी किती निघून आली, याचा आलेख क्वचितच.

कुणी म्हणेल, ताकद नको कशी? कोपराच्या घडीत, मानेवर, बोटांच्या बेचक्यांत ड्रेसिंग टिकत नाही. हालचालीने सरकतं, खालून स्राव वाहतो. हे मान्य आहे. सरकलेलं ड्रेसिंग न लावल्यासारखंच. पण तिथे पकड हवी ती कडेच्या चांगल्या कातडीवर. जखमेवर हवा तो फक्त ओलसर, मऊ स्पर्श. या दोन गोष्टी एकाच पदार्थाने सारख्याच जोराने कराव्यात, हा हट्ट रसायनतज्ज्ञांचा आहे. रुग्णाचा तो नाही.

या बाबतीत मुंबईचा अनुभव जगाला शिकवण्याजोगा आहे, आणि इथल्या वाचकांना तो फारसा माहीत नाही. परळच्या वाडिया रुग्णालयात भाजलेल्या मुलांवर उपचार करणारे डॉ. एम. एच. केसवानी यांनी १९८५ साली ‘बर्न्स’ या नियतकालिकात उकडलेल्या बटाट्याच्या सालींचं ड्रेसिंग मांडलं. साली पट्टीच्या कापडावर लावायच्या, ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करायच्या आणि जखमेवर ठेवायच्या. जखम ओली राहायची आणि ड्रेसिंग चिकटायचं नाही. पुढे २००३ मध्ये शीव रुग्णालयातल्या डॉ. माधुरी गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्याने केळीच्या पानाचं ड्रेसिंग तपासून प्रसिद्ध केलं. पान गुळगुळीत, मेणचट, जखमेला न धरणारं. उचललं की सहज सुटणारं. सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ पासून भाजण्यावर मध वापरून केलेल्या चाचण्या प्रसिद्ध केल्या, त्यात एकदा मधाची तुलना थेट बटाट्याच्या सालींशीही होती. या सगळ्यांना गरिबांचा जुगाड म्हणून हसणं सोपं आहे. पण त्यांनी विचारलेला प्रश्न नेमका होता: काढताना काय होतं? आज कोट्यवधींच्या प्रयोगशाळांत तो प्रश्न पुन्हा नव्याने सुचतो आहे.

तरीही मी सालींकडे परत जा म्हणणार नाही. साल दर वेळी बनवावी लागते, तिचा दर्जा सारखा राहत नाही, आणि शनिवारी रात्री स्टोव्हचा भडका उडून आलेल्या बाईसाठी बटाटे उकडत बसायला वॉर्डात कुणाला वेळ नसतो. तोच गुण पाकिटात बंद करून हवा. आणि तेही मुंबईतच झालं आहे.

तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने पॉलिव्हिनाइल अल्कोहोलपासून भाजण्यासाठी हायड्रोजेलचं ड्रेसिंग विकसित केलं आणि त्याचं तंत्रज्ञान उद्योगांना दिलं. त्याची युक्ती मोठी सुरेख आहे. पदार्थ पाण्यात विरघळवून साच्यात ओतायचा, पाकीट बंद करायचं आणि कोबाल्टच्या गॅमा किरणांखाली ठेवायचं. किरणांनी साखळ्या एकमेकींत गुंततात आणि जेल तयार होतं; त्याच वेळी आतले जंतूही मरतात. जोडणारं रसायन लागत नाही, त्यामुळे त्याचा अंश जखमेत जाण्याची भीती नाही. तुर्भ्यातच वैद्यकीय साहित्य किरणांनी निर्जंतुक करणारं आयसोमेड हे केंद्र १९७४ पासून चालू होतं, त्यामुळे या कामाची पायाभूत सोय आधीपासून होती. पाकीट फोडलं की हाती येते पारदर्शक, थंडगार, बहुतांशी पाण्याचीच बनलेली लवचिक वडी. जखमेवर ठेवली की आरपार दिसतं, म्हणजे पू झाला का हे ड्रेसिंग न काढता कळतं. काढायची तर अखंड उचलून येते. ती विरघळत नाही, घट्ट चिकटतही नाही. आजच्या फॅशनप्रमाणे पाहिलं तर ती जुनाट ठरेल. माझ्या परीक्षेत ती उत्तम गुणांनी पास होते.

याउलट पांढरं सिल्व्हर सल्फाडायझिन मलम पाहा. १९६८ साली आलेल्या या मलमाने तेव्हा जंतुसंसर्ग आटोक्यात ठेवून पुष्कळ जीव वाचवले, यात शंका नाही. पण ते रोज धुऊन पुन्हा लावावं लागतं, त्याचा पांढरट थर बसून जखमेची खोली कळत नाही, आणि उथळ व मध्यम भाजण्याच्या ड्रेसिंगवरच्या चाचण्यांचा कॉक्रेन या संस्थेने २०१३ मध्ये जो आढावा घेतला, त्यात हे मलम जखम भरण्यात इतर ड्रेसिंगपेक्षा सातत्याने मागे पडलेलं दिसलं. त्याच आढाव्यात हायड्रोजेलने जखमा लवकर भरतात असंही आढळलं, जरी त्या चाचण्या लहान आणि सदोष असल्याचं आढावा घेणाऱ्यांनीच बजावलं होतं. तरी मलम टिकून आहे. कारण ट्यूब स्वस्त आहे.

इथे खरी गोम आहे. रुग्णालयाची खरेदी नगावर होते. गॉजचा गठ्ठा इतक्याला, मलमाची ट्यूब इतक्याला, जेलची वडी इतक्याला. आकडे शेजारी मांडले की वडी हरणारच. पण गॉज रोज बदलायचं आणि वडी काही दिवस ठेवायची, तर वाचलेल्या ड्रेसिंगांचं सलाईन, सिस्टरचा वेळ, वेदनाशामक इंजेक्शनं, लांबलेले खाटेचे दिवस हे कोणत्या रकान्यात लिहायचं? तो रकाना निविदेत नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे भारतात दरवर्षी दहा लाखांहून अधिक माणसं मध्यम किंवा गंभीर भाजतात. त्यातल्या मोठ्या भागाची ड्रेसिंग सरकारी वॉर्डांतच होतात, म्हणजे हा रकाना भरण्याचा अधिकारही सरकारकडेच आहे.

विरघळणाऱ्या जेलवर काम करणाऱ्या आपल्या आयआयटींतल्या आणि औषधनिर्माण महाविद्यालयांतल्या मंडळींनाही एक विनंती आहे. चिकटण्याचा आलेख जरूर काढा. त्याच्या शेजारी सुटण्याचाही काढा: काढताना किती जोर लागला, खाली किती पेशी जखमेवर राहिल्या, किती पट्टीबरोबर गेल्या. माणसांवरची चाचणी असेल तर ड्रेसिंग बदलतानाची वेदना, एकूण बदलांची संख्या आणि जखम भरेपर्यंतचा सगळा खर्च, या तीन गोष्टी सर्वांत आधी मोजा. खोल, तिसऱ्या दर्जाच्या भाजण्यात कोणतंही जेल कातडीची जागा घेत नाही. तिथे मेलेली कातडी काढून रोपणच करावं लागतं, आणि जाहिरातीत याच्या उलट काही लिहिलं असेल तर ते खोटं आहे.

वाचकांना सांगायचं ते वेगळं. भाजल्यावरच्या पहिल्या वीस मिनिटांत यातला एकही डिंक लागत नाही. भाजलेली जागा नळाच्या वाहत्या, साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, शाई नको, हळदही नको. मग स्वच्छ कापडात गुंडाळून डॉक्टरकडे जा. आणि पट्टी बांधली जात असताना एवढं जरूर विचारा: ही काढताना चिकटणार नाही ना?